रांगेत मागे गेलेलं नाव

मुर्धा गाव, भाईंदर (पश्चिम)

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता बाबांकडून लिहून घेतला. त्यांनी पिनकोड दोनदा खोडला आणि तुझ्या बिल्डिंगचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत काढलं, पोस्टमनला लांबून दिसावं म्हणून. पुढच्याच स्टेशनावर, मीरा रोडला राहणाऱ्या भावाला भाईंदरहून पोस्टाने पत्र टाकणारी गावात मी एकटीच असेन. पण फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझ्याच तोंडून शब्द फुटत नाही. लिहिताना निदान थांबता येतं, पाणी पिऊन परत बसता येतं.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. काठी घेऊन ओट्यापर्यंत जाते, उजव्या हातात रिकामा पेला धरते. भरलेला अजून नाही. बोलणं तू गेलास तेव्हा होतं त्यापेक्षा थोडं पुढे गेलंय. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिच्या तोंडी एकच शब्द उरला होता, आठवतं ना? पाणी हवं असलं तरी ‘मीठ’, पंखा लावायचा असला तरी ‘मीठ’, आपल्याला हाक मारायची तरी ‘मीठ’. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं, मेंदूत एखादा शब्द अडकून राहतो. बाबांना त्याचं काही नवल वाटलं नाही. ते म्हणाले होते, “जल्मभर मिठागरान राबली, दुसरा काय येनार तोंडान?” आता ‘ये’, ‘नको’, ‘बस’ एवढं स्पष्ट येतं. माझ्या नावातलं ‘चांद’ येतं. तुझं नाव जमत नाही, ते जोडाक्षर तिला उचलत नाही. मग ती भिंतीवरच्या तुझ्या लग्नाच्या फोटोकडे बोट करते आणि मी म्हणते, हो, येईल रविवारी. बाबांचे गुडघे दुखतात, तरी संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहतात. तिथे आता मीठ पिकत नाही, नुसतं पाणी आणि बगळे. काय बघता विचारलं तर म्हणतात, वारा.

रविवारचं म्हणशील तर तू येतोस तेव्हा मी घरात नसते, हे आपण दोघांनी न बोलता ठरवलंय. जेवणं झाली की मी उत्तनची बस पकडते. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले असतात, त्या काठ्यांच्या पलीकडे एक दगडी बांध आहे, तिथे बसते. अंधार पडायला लागला की परत. घरी आल्यावर कपात उरलेला चहा आणि आईच्या उशाशी तू आणलेली फळं दिसतात. दोन वर्षं उलटून गेली. तुझा राग मी समजू शकते, दादा. त्या दिवसाबद्दल तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं मी तेव्हा सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर मी स्वतःची बाजू मांडतेय असं झालं असतं. आज सांगते. त्यावरून मला माफ कर असं म्हणणं नाही.

माझं काम काय आहे हे घरात कोणीच कधी नीट विचारलं नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे, हॉस्पिटलच्या’ एवढ्यावर आपलं भागायचं. आमच्या हॉस्पिटल ट्रस्टच्या त्या पुनर्वसन केंद्रात, जिथे झटका आलेल्यांना हातपाय आणि बोलणं परत शिकवतात, खाटा थोड्या आणि अर्ज फार. अर्ज आला की आधी कागद तपासणारे बघतात, मग डॉक्टर, मग समिती, आणि शेवटी जागा. पूर्वी ही फाइल शिपाई एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायचा. आता ते काम एक सॉफ्टवेअर करतं, त्याला वर्कफ्लो इंजिन म्हणतात. पण त्या इंजिनला स्वतःचं काही लक्षात राहत नाही. कुठला अर्ज कुठल्या पायरीवर आहे, कोणाच्या सहीसाठी थांबलाय, कधी पुढे सरकवायचा, हे सगळं खाली डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. तो डेटाबेस मी सांभाळते. बॅकअप झाला का बघायचा, संपलेले जुने अर्ज बाजूला काढून जागा मोकळी करायची, कुठे दोन कामं एकमेकांची वाट अडवून बसली असतील तर ती सोडवायची. माणसं मला दिसत नाहीत, क्रमांक दिसतात. नावं बघायची परवानगी आहे, पण कधी गरज पडत नाही. मला ते बरं वाटायचं.

आईचा अर्ज तू भरलास. डॉक्टरांनी बजावलं होतं की पहिले काही महिनेच महत्त्वाचे, नंतर शरीर जसं आहे तसं घट्ट होत जातं. केंद्रात सांगितलं होतं की गणपतीपर्यंत तरी नंबर लागायचा नाही. आणि मग जूनमधल्या त्या मंगळवारी वहिनीचा मला ऑफिसात फोन आला. केंद्रातून मेसेज आलाय, पुढच्या जागेसाठी आईचं नाव पहिलं आहे, शुक्रवारी समिती बसली की खाट पक्की. मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत रडले. उर्मिला शेजारी बसते, तिने कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी पेढे मागवले. पेढा तोंडात असतानाच मला खटकलं. एवढी रांग होती, ती गेली कुठे?

खरं सांगते, बघायला घेतलं ते भीतीने. माझ्याच हातून काही इकडचं तिकडे होऊन आईचं नाव वर आलं असेल तर? तसं नव्हतं. इंजिन एखादं काम हातात घेतं तेव्हा त्यावर आपलं नाव टाकून ठेवतं, म्हणजे दुसऱ्या कोणी तेच काम घेऊ नये. काम संपलं की नाव काढायचं. महिनाभरापूर्वी बाहेरच्या कंपनीने आमचा जुना सर्व्हर बंद करून नवा बसवला होता. जुना बंद झाला तेव्हा त्याच्या हातात जी कामं होती ती त्याच्याच नावावर राहिली. नवा सर्व्हर ती रोज बघायचा, कोणीतरी करतंय असं समजायचा आणि पुढे जायचा. चाळीसेक अर्ज असे जागच्या जागी थिजले होते. प्रत्येकापुढे स्क्रीनवर लिहिलेलं, ‘प्रक्रिया सुरू आहे’. घरच्यांनी फोन केला की हेल्पडेस्कवाले तेच वाचून दाखवत असणार. त्यांच्या मागून आलेले अर्ज त्यांना ओलांडून चालले होते, आणि आईचा अर्ज त्या मागून आलेल्यांमध्ये होता.

मी कौस्तुभ सरांना दाखवलं. ते माझे वरिष्ठ, आई आजारी पडल्यापासून त्यांनी मला एकदाही रजेवरून बोल लावला नव्हता. त्यांनी स्क्रीनवर एकेका अर्जाची तारीख वाचली. मग उठून केबिनचं दार लोटलं आणि म्हणाले, “चांदणी, आज मंगळवार आहे. बॅकअप घ्यायचा, टेस्टिंग करायचं, दोन-तीन दिवस तसेही जातात. हे सोमवारी सोडवलं तर कोणी विचारणार नाही. शुक्रवार जाऊ दे.” वाईट माणूस नाही तो, दादा. माझ्यासाठी म्हणाले. आणि खोटंही काही नव्हतं त्यात. मला कुठली ओळ बदलायची नव्हती, कोणाची सही करायची नव्हती. फक्त तीन दिवस गप्प बसायचं होतं.

मी खाली उतरले. तुला फोन लावला होता, हे तुला आठवतही नसेल. तू कामावर, एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये होतास, उचलला नाहीस. उचलला असतास तर काय झालं असतं ते मला आजही सांगता येत नाही. तू म्हणाला असतास, थांब, आणि मी कदाचित थांबले असते. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी आईचा विचार करत होते. ती सकाळी माझ्या साडीचा पदर धरून ‘मीठ, मीठ’ करत होती आणि तिला काय हवंय ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. ऑफिसला उशीर होत होता म्हणून मी तिची बोटं सोडवून निघून आले होते. मनाशी ठरवलं, सोमवारी करू. जिना चढताना माझं ठरलेलं होतं.

वर आल्यावर मी एकच अर्ज उघडला. एक बाई, वय आईएवढंच, आईसारखाच झटका, पत्ता उत्तनचा. अर्ज भरणाऱ्याच्या जागी मुलीचं नाव. खाली हेल्पडेस्कच्या नोंदी होत्या: मुलीने फोन केला, प्रक्रिया सुरू असल्याचं सांगितलं. मुलीने परत फोन केला, प्रक्रिया सुरू असल्याचं सांगितलं. शेवटी शेवटी दिवसाआड फोन होते. दादा, त्या नोंदी वाचताना मला तिचा आवाज ऐकू यायला लागला. आपल्याकडच्याच कोणाचा तरी आवाज. मी बॅकअप घेतला, वेगळ्या कॉपीवर करून बघितलं, आणि त्याच दुपारी त्या सगळ्या कामांवरून जुन्या सर्व्हरचं नाव काढून टाकलं. अर्ज भराभर हलायला लागले, आपापल्या जागी जाऊन बसले. आईचं नाव पहिलं होतं ते खाली खाली सरकत गेलं. मी ते बघत बसले. कौस्तुभ सर मागे येऊन उभे राहिले, जाताना फक्त खांद्याला हात लावला.

संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू आईला भात भरवत होतास. तू चमचा खाली ठेवलास आणि विचारलंस, “त्या लोकांना तू ओळखतेस?” मी म्हटलं, नाही. “जिला ओळखतेस तिला मागं ढकललंस. स्वतःच्या हाताने.” मी एवढंच म्हणू शकले की ते आधी आले होते, दादा. त्यावर तू हसलास. ते हसणं मला अजून आठवतं. वहिनी मध्ये पडली, बाबा बाहेर निघून गेले, आणि आई आळीपाळीने आपल्या दोघांकडे बघत ‘मीठ’ म्हणत राहिली, आधी हळू, मग मोठ्याने. भांडू नका म्हणत असणार. महिन्याभरात तू मीरा रोडला जागा बघितलीस. तुमची सुरुची तेव्हा दोन वर्षांची होती, टेम्पोत सामान चढत होतं आणि ती माझ्या कडेवर बसून टाटा करत होती, कारण तिला वाटलं तुम्ही सगळे फिरायला चाललाय.

आता ते, जे मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी हेल्पडेस्कने सुटलेल्या अर्जांच्या घरी फोन करायला घेतले. मी मुद्दाम त्यांच्या खोलीत जाऊन बसले. कोणी रडत होते, कोणी शिव्या देत होते, कोणाला खरंच वाटत नव्हतं. मग तिथल्या मुलीने उत्तनचा तो नंबर लावला. तिने जागा मिळण्याबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. “सॉरी मॅडम,” म्हणाली, आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, “आठवडा झाला, त्या गेल्या.” दादा, त्या रात्री तू माझ्याशी बोलत नव्हतास आणि मला तुझ्याशीच बोलायचं होतं. मला सांगायचं होतं की मी ज्यांच्यासाठी आईला मागे नेलं त्यांच्यातल्या एकीला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. तू म्हणाला असतास, बघ. आणि तुझं चुकलं नसतं. तो पत्ता मला पाठ आहे. दर रविवारी मी त्याच गावात बसते, पण त्या घराकडे कधी गेले नाही. त्या मुलीला काय सांगणार होते मी?

आईला खाट मिळाली ती दिवाळी उलटल्यावर. तोपर्यंत तिचा हात आखडला होता. केंद्रातून सोडताना मी डॉक्टरांना सरळ विचारलं की जूनमध्ये आली असती तर नीट बोलली असती का. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “असतीही. नक्की सांगता येत नाही.” ते ‘असतीही’ मी बाबांनाही सांगितलेलं नाही. आई जेव्हा जेव्हा एखादा शब्द शोधत हवेत हात फिरवते तेव्हा मला ते ऐकू येतं. पुन्हा तोच मंगळवार आला तर मी तेच करेन, हेही मला माहीत आहे, आणि हे माहीत असल्याने काही सोपं होत नाही. दोन्ही घेऊन मी रोज ऑफिसला जाते. उर्मिलाने आणि मी मिळून आता अशी व्यवस्था केलीय की कुठलंही काम ठरावीक वेळेपेक्षा जास्त एकाच जागी अडकलं तर आम्हाला लगेच इशारा येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी जेवणाचा डबा तसाच टाकून धावले होते. किरकोळ निघालं, मग उर्मिलाने डबा परत माझ्यासमोर आणून ठेवला.

परवा संध्याकाळी बाबा बांधावरून आले आणि पाय न धुताच माझ्यासमोर बसले. म्हणाले, “तुना सांगू नको बोललाय त्यो. पन मना र्‍हावत न्हाय.” मग त्यांनी सुरुचीचं सांगितलं. या पावसाळ्यात तिचा ताप मेंदूत गेला होता, तुम्ही तिला दोन आठवडे हॉस्पिटलात ठेवलं होतं, आणि आता ती उजवा पाय ओढत चालते, वाक्य अर्ध्यावर सोडते. दादा, एवढं सगळं होऊन गेलं आणि मी इथे एका स्टेशनाच्या अंतरावर बसून होते. बाबा म्हणाले की आमच्याच केंद्रात अर्ज केलायस आणि चांदणीला कळता कामा नये अशी शपथ घातलीस. बाबांना वाटतं तू रागाने लपवलंस. मी रात्रभर विचार केला, मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुझ्या मुलीचं नाव त्या रांगेत असताना माझ्यासमोर उभं राहायचं तू टाळलंस, माझ्यासाठी, मला पुन्हा तसं निवडावं लागू नये म्हणून. तसं नसेल तर नसू दे. मी तसंच धरून चालते.

काल सकाळी सगळ्यात आधी मी कौस्तुभ सरांना लिहून दिलं की माझी भाची त्या रांगेत आहे, तेव्हा तिचा निकाल लागेपर्यंत त्या प्रक्रियेचं काम माझ्याकडे नको. ते आता उर्मिला बघते, माझा तिथला प्रवेश बंद केलाय. सुरुचीचा अर्ज मी उघडलेला नाही, नंबर कितवा ते मला माहीत नाही आणि कळणारही नाही. तुला तिथून माझी काहीही मदत होणार नाही, हे मला माझ्या हाताने लिहावं लागतंय. पण आईच्या वेळी आपण एक चूक दोघांनी मिळून केली. नंबर लागेपर्यंतचे महिने आपण भांडण्यात आणि न बोलण्यात घालवले, तिच्या हाताचा व्यायाम कोणी करून घेतला नाही. सुरुचीच्या बाबतीत ते व्हायला नको. इथे भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला नीलम मॅडम म्हणून आहेत, लहान मुलांचीच फिजिओथेरपी करतात. मी जाऊन भेटून आले. केंद्रात जागा मिळेपर्यंत आठवड्यातून तीनदा त्या तिला घ्यायला तयार आहेत, घरी करायचे व्यायाम मला शिकवणार आहेत. तुझी शिफ्ट असते, वहिनीची नोकरी, म्हणून ने-आण मी करेन. मी ऑफिसची वेळ बदलून घेतलीय. हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. शनिवारी सकाळी रिक्षा घेऊन मी तुमच्या बिल्डिंगखाली येते. माझ्याशी बोलायला हवं असं काही नाही. तू नाही उतरलास तरी चालेल, पोरीला वहिनीबरोबर खाली पाठव. तिला सांग, आत्या आलीय.

तुझीच धाकटी,
चांदणी